पहाटेचे वेळापत्रक

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला हमरस्ता कात्रजचा डोंगर मागे टाकून, नसरापूर, कापूरहोळ, किकवी अशी गावे ओलांडीत नीरेच्या पुलाशी येतो, आणि त्या पुलाच्या अलीकडे, पुणे जिल्ह्याची हद्द संपता संपता, भोर तालुक्यातील सारोळे हे गाव लागते. पूल ओलांडला की शिरवळ आणि सातारा जिल्हा. पश्चिमेस भोर-वेल्ह्याचे मावळ, पूर्वेस सखल होत गेलेले नीरेचे खोरे, आणि मधून अहोरात्र धावणाऱ्या मालमोटारी, असा हा मुलूख. यंदाच्या अंकासाठी ‘सणाचा स्वर’ हा विषय संपादकांनी मुक्रर केला, तेव्हा पुण्यातील एखाद्या नाट्यगृहातली तिकिटाची ‘दिवाळी पहाट’ गाठणे सोयीचे झाले असते. परंतु एके काळी ज्या कार्यक्रमावाचून महाराष्ट्रातील कित्येक घरांत अभ्यंगस्नानाला आरंभ होत नसे, त्या आकाशवाणीच्या पहाटेचे आज गावात काय उरले आहे ते स्वतः पाहावे, या इराद्याने गेल्या नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी मी सारोळ्यास मुक्कामाला गेलो.

गोठ्यातील संच

ज्यांच्या घरी उतरलो त्या गृहस्थांना सारा वाडा आबा म्हणतो. वय सत्तरीपलीकडचे, शेती नीरेकाठची, आणि दिवाणखान्याच्या फडताळात काळ्या कातडी वेष्टणातला, मोठे सेल लागणारा जुना ट्रान्झिस्टर. पहाटे चारच्या सुमारास घर जागे झाले. न्हाणीतला बंब पेटला, सुनेने उटण्याची वाटी कालवून ठेवली, नातवाने ओसरीवरची विजेची माळ लावली, आणि त्याच क्षणी संचातून असा काही चरचराट उठला की निवेदन तर राहोच, केंद्र लागले आहे की नाही तेही कळेना. आबांना त्याचे काहीच नवल नव्हते. “माळ पेटली की ह्याचं डोकं फिरतं,” ते म्हणाले, “गोठ्यात चला, दादा. तितं वायर न्हाई.”

दिवाळीच्या रोषणाईनेच दिवाळीच्या नभोवाणीचा गळा धरावा, हा योगायोग विनोदी खरा. पण त्याचे कारण साधे आहे. या स्वस्त माळांतील आणि मोबाइलच्या चार्जरांतील छोटी मंडले वीज फार वेगाने चालू-बंद करीत असतात. त्या उलाढालीतून जो विद्युत्-कोलाहल निर्माण होतो तो नेमका मध्यम लहरींच्या पट्ट्यात येऊन पडतो. पूर्वीच्या गोल बल्बांना ही खोड नव्हती.

गोठ्यात दोन म्हशी आणि एक गाय. दावणीच्या कट्ट्यावर संच ठेवून आबांनी तो हळूहळू फिरविला, आणि त्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम येताच आवाज एकदम स्वच्छ झाला. संचाच्या पोटात तारेचे वेढे घातलेली फेराइटची एक कांडी आडवी बसविलेली असते. तिच्या कुशीवर येणारी लहर तिला उत्तम ऐकू येते आणि टोकावर येणारी जवळजवळ येतच नाही. पुणे केंद्राचे प्रक्षेपण हडपसरहून होते, आणि सारोळ्यापासून हडपसर जवळपास थेट उत्तरेस आहे. हे गणित आबांना कोणी शिकविलेले नाही. खांबावर चुन्याची एक रेघ आहे, तिच्या समोर संच ठेवायचा, एवढाच त्यांचा दंडक.

७९२ किलोहर्ट्झवर, म्हणजे सुमारे ३७९ मीटर लांबीच्या लहरीवर, १०० किलोवॅट शक्तीने होणारे हे प्रक्षेपण जमिनीला धरून चालते, आणि कात्रज-पुरंदरचे डोंगर त्याला फारसे अडवू शकत नाहीत, एफ. एम. च्या लहरींचे तसे नाही, त्या सरळ रेषेत जातात आणि डोंगराआड त्यांची सावली पडते. शिवाय सूर्योदयापूर्वी मध्यम लहरींचे जग निराळेच असते. रात्री आकाशातील विद्युत्भारित थर दूरदूरच्या केंद्रांचे ध्वनी परतवून खाली धाडतात, उजाडल्यावर खालचा थर जागा होऊन ते गिळून टाकतो. म्हणून त्या पहाटे आबा सुई फिरवीत होते तेव्हा कुठे एखादा कानडी शब्द, कुठे ओळख न पटणारी भाषा, कुठे नुसतीच सारंगी, असे कितीतरी परप्रांत त्या गोठ्यातून क्षणभर डोकावून गेले. अखेर सुई जागेवर आली आणि ती परिचित संकेतधून सुरू झाली. हिटलरच्या छळापासून दूर राहण्यासाठी हिंदुस्थानात आलेल्या वॉल्टर कॉफमन या युरोपीय ज्यू संगीतकाराने मुंबई केंद्रावर असताना ती बांधली असे मानले जाते. मग वंदे मातरम्, मंगलध्वनीची सनई, आणि कीर्तन.

चंद्रोदय आणि घड्याळ

नरक चतुर्दशीचे अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वी, चंद्रोदयाच्या सुमारास करावे, असे शास्त्र सांगते. आश्विन वद्य चतुर्दशीची ती क्षीण कोर उगवते कधी आणि दिसते कधी, हे सांगणारे पंचांग गावात एखाद्याच घरी असे. बाकीच्यांचा कारभार कोंबड्यावर, शुक्राच्या चांदणीवर आणि घरातील वडीलधाऱ्या बाईच्या झोपेवर चाले. त्यामुळे एकाच आळीत एका घरची आंघोळ उरकून फराळाची ताटे मांडली जात असताना दुसऱ्या घरी अजून चूलही पेटलेली नसे. आणि कोणाची दिवाळी आधी उगवली यावर दिवसभर वादही रंगत. आबांच्या आठवणीप्रमाणे, घरात रेडिओ आल्यावर हा वाद मिटला. “कीर्तन लागलं की पहिला पाट मांडायचा. नरकासुर पडला की कारिटं फोडायचं. कुणी इचारायचं कामच न्हाई.”

दिवाळीच्या नभोवाणीविषयी जे जे लिहिले जाते ते बहुधा गाण्यांविषयी आणि गायकांविषयी असते, आणि त्यांचे श्रेय मी नाकारीत नाही. तथापि गोठ्यात बसून ते कीर्तन ऐकताना मला प्रकर्षाने जाणवले ते हे की, आकाशवाणीने या सणाला दिलेली सर्वांत मोठी देणगी वेळेची आहे. घरोघरी विखुरलेल्या पहाटेला तिने एक मुहूर्त दिला. तो देणारी संस्था कोणी मठ, पीठ वा देवस्थान नव्हती. एक सरकारी कचेरी होती, आणि हे काम तिने हजेरीपट, जावक क्रमांक आणि वेळापत्रक यांच्या बळावर केले.

ड्यूटी-रूममधली दिवाळी

ही पहाट तयार कशी होते, ते पुढे पुण्यात एका निवृत्त निवेदिकाबाईंनी मला सविस्तर सांगितले. वर्षभराच्या कार्यक्रमांचा एक पक्का आराखडा केंद्राकडे असतो. त्यातील प्रत्येक पाच-दहा मिनिटांचा तुकडा कोणत्या ना कोणत्या विभागाच्या नावे लावलेला असतो. सणासाठी त्यात फेरफार करायचा म्हणजे प्रथम टिपण, मग मंजुरी, मग कलावंताला करारपत्र. कलावंत तरी कोणीही चालत नाही. ध्वनिचाचणी देऊन ‘बी’, ‘बी हाय’, ‘ए’, ‘टॉप’ अशी श्रेणी मिळविलेला असावा लागतो, आणि श्रेणीबरहुकूम त्याचे मानधन ठरते. हे सगळे गणेशोत्सवाच्या धामधुमीतच सुरू झालेले असते, कारण सणाच्या तोंडावर चांगले कीर्तनकार मोकळे सापडत नाहीत.

कीर्तनाची अडचण निराळी आणि मोठी. नारदीय कीर्तनाला पूर्वरंग आणि उत्तररंग अशी दोन अंगे. आधी अभंगाचे निरूपण, मग मध्यंतरीचे भजन, नंतर आख्यान. देवळात दोन-अडीच तास चालणारा हा विस्तार अर्ध्या तासाच्या चौकटीत बसवायचा, आणि नरकासुर मात्र वेळेवर पडला पाहिजे. बाईंच्या सांगण्याप्रमाणे नवखे बुवा पूर्वरंगातच रमत आणि काचेपलीकडून हातवारे सुरू झाले की एकदम भांबावून थेट सत्यभामेच्या रथापाशी येऊन पोचत. त्याहून कठीण गोष्ट म्हणजे समोर श्रोता नाही. कीर्तनकार बोलतो तो समोरच्या चेहऱ्यांशी; चार गुबगुबीत भिंती आणि एक मायक्रोफोन यांच्यापुढे त्याचा विनोदसुद्धा वाळून जातो. मग कचेरीतील कारकून, तंत्रज्ञ, वादक, कोणाच्या घरची मंडळी, असे दहा-पंधरा जण सतरंजीवर आणून बसवायचे आणि ‘विठ्ठल विठ्ठल’चा गजर त्यांच्याकडून करून घ्यायचा. ऐकणाऱ्याला वाटावे, देऊळ भरले आहे.

येथे एक गोष्ट आठवते. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला बंदी होती. तिचे स्वर परदेशी, ठरीव, श्रुतींना न जुमानणारे, असा आक्षेप होता. ज्या कीर्तनाचे अर्धे अंग पेटीवर उभे असते, ते त्या तीस-एक वर्षांत पेटीवाचून उभे करणे ही कीर्तनकारांची आणि साथीदारांची परीक्षाच होती. त्या बंदीमागील सूक्ष्म स्वरज्ञानाचा मला आदर आहे. पण पेटी वाजविणाऱ्या एखाद्या गरीब साथीदाराच्या दिवाळीचा विचार तो हुकूम काढताना कोणी केला असेल, असे वाटत नाही.

ध्वनिमुद्रण झाले की संपादन. पूर्वी टेप ब्लेडने कापून चिकटपट्टीने जोडीत. खाकरणे, पान उलटण्याचा आवाज, लांबलेला श्वास, सगळे जमिनीवर पडे. आता ते पडद्यावर होते. शेवटी क्यू-शीट: कोणता कार्यक्रम, कोणत्या क्षणाला, किती मिनिटे, आधीचे निवेदन कोणते, उरलेल्या सेकंदांत कोणते वाद्यसंगीत. कीर्तन अठ्ठावीस मिनिटांत संपले तर पुढची दोन मिनिटे सनई. कार्यक्रम-पत्रिकेत या सनईला नाव नसते, कचेरीच्या भाषेत ती ‘फिलर’. मला मात्र त्या पहाटे गोठ्यात कीर्तनानंतर ऐकलेली ती निनावी सनई अजून आठवते.

छप्पन्न गीते

पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले, आणि अवघ्या दीड वर्षात त्याने सणाचे जे सोने केले त्याची बरोबरी महाराष्ट्रात पुन्हा झाली नाही. सीताकांत लाड हे केंद्रावर कार्यक्रम-नियोजक. कवी ग. दि. माडगूळकर (गदिमा) त्यांचे मित्र. १ एप्रिल १९५५, रामनवमीच्या दिवशी, ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रक्षेपित झाले. शुक्रवारी सकाळी पावणेनऊला नवे गीत, शनिवारी आणि रविवारी त्याच वेळी तेच पुन्हा, असा क्रम वर्षभर चालला. माडगूळकरांनी लिहायचे, सुधीर फडक्यांनी चाल बांधायची, कलावंतांना बोलावून बसवायचे, मुद्रित करायचे, आणि शुक्रवार तर कोणासाठीही थांबत नाही.

वर्षाचे आठवडे ५२. तरी गीते ५६ का? कारण त्या वर्षी भाद्रपद अधिक आला. कार्यक्रम रामनवमी ते रामनवमी चालायचा म्हटल्यावर चांद्र वर्ष महिन्याने लांबले आणि कवी-संगीतकारांना चार गीतांचा जादा मजकूर उभा करावा लागला. मराठी भावसंगीताच्या इतिहासात पंचांगाने केलेला एवढा थेट हस्तक्षेप दुसरा माझ्या पाहण्यात नाही. लोकांनी संचाला हार घातले, उदबत्त्या लावल्या, हे आता सर्वश्रुत आहे. परंतु त्या भक्तीच्या मुळाशीही ‘पावणेनऊ’ हा आकडा होता, हे सहसा कोणी सांगत नाही. ज्याचे गीत चुकले त्याला उद्याची आणि परवाची संधी होती, त्यानंतर नाही. गीते पुस्तकरूपाने, ध्वनिमुद्रिकांतून, फडक्यांच्या मैफलींतून पुढे अखंड मिळत राहिली, आणि मिळत राहिल्यामुळेच कदाचित त्यांच्यासाठी पाणी भरणे सोडून कोणी धावत घरी आले नाही.

गावाचा रेडिओ

खेड्यांत त्या काळी घरोघर संच नव्हते. संच घ्यायचा म्हणजे त्याला परवाना हवा. पोस्टात जाऊन वर्षाची फी भरायची, परवान्याच्या पुस्तकावर शिक्का घ्यायचा, आणि हा रिवाज थेट १९८०-९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालला. म्हणून गावाचा रेडिओ चावडीवर किंवा पंचायतीच्या कचेरीत असे, आणि ऐकणे हे चारचौघांत बसून करण्याचे काम होते. हे सामुदायिक ऐकणे किती दूर जाऊ शकते याचा एक जगप्रसिद्ध प्रयोग याच पुणे केंद्राने केला. १९५६ च्या आरंभी, युनेस्कोच्या साहाय्याने, पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील १५० गावांत ‘रेडिओ ग्रामसभा’ स्थापन झाल्या. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे २० कार्यक्रम. गावकऱ्यांनी ऐकायचे, चर्चा करायची, आणि ठरेल ते करायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरॅथ यांनी त्याची पाहणी केली, आणि पुढे इतर देशांनीही तो कित्ता गिरविला. व्यंकटेश माडगूळकर त्याच सुमारास पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात आले आणि दीर्घकाळ तेथे राहिले. केंद्राच्या मराठीला मातीचा वास आला तो अशा माणसांमुळे.

आबांना लहानपणीचा चावडीवरचा रेडिओ आठवतो. तो लाकडी पेटीत कुलूपबंद असे आणि किल्ली एकाच माणसाकडे. दिवाळीच्या पहाटे तो माणूस उठला नाही तर गावाची दिवाळी कुलपातच राहायची; म्हणून आदल्या रात्री पोरे त्याच्या अंगणात निजायला जात.

कलकत्ता, केंब्रिज, दिल्ली

सार्वजनिक नभोवाणीने सणाला मुहूर्त द्यावा, हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. बंगालमध्ये महालयाच्या पहाटे चार वाजता ‘महिषासुरमर्दिनी’ लागते, ती १९३१ पासूनची रीत; संहिता बाणीकुमारांची, संगीत पंकज मलिकांचे, चंडीपाठ बीरेंद्रकृष्ण भद्रांचा. १९७६ साली तो बदलून चित्रपट-नायक उत्तमकुमार यांच्या आवाजातला नवा कार्यक्रम लावण्यात आला, तेव्हा श्रोते असे खवळले की जुनाच परत आणावा लागला. इंग्लंडात केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधील नाताळच्या आदल्या दिवसाची प्रार्थना-गीते बी. बी. सी. १९२८ पासून, एक वर्ष वगळता, सतत ऐकवीत आली आहे, आणि अमेरिकेतील सार्वजनिक नभोवाणीही ती घेते. बंगाल्याला तोच आवाज हवा, इंग्रजाला तेच देवालय हवे. मराठी माणसाला, माझ्या समजुतीप्रमाणे, बुवा कोण हे महत्त्वाचे वाटत नाही. आख्यान तेच असावे आणि घटका तीच असावी, एवढ्यावर त्याचे समाधान आहे. हा आपल्या रसिकतेचा दोष म्हणावा की उदारपणा, हे ज्याने त्याने ठरवावे.

दिवाळी आणि आकाशवाणी यांचा आणखी एक संबंध मात्र फारसा कोणाच्या ध्यानात नसतो. महात्मा गांधी दिल्लीच्या प्रसारण-भवनात जाऊन बोलले ते एकदाच, १२ नोव्हेंबर १९४७ रोजी. फाळणीने उठविलेले लक्षावधी निर्वासित कुरुक्षेत्राच्या छावणीत होते. त्यांना भेटायला जाणे जमले नाही, म्हणून त्यांच्यासाठी हे भाषण. त्या दिवशी आश्विन अमावास्या होती. दिवाळीच्या दिवशी ज्यांना घर नव्हते त्यांच्यापर्यंत पोचण्यासाठी यंत्राचे फारसे कौतुक नसलेल्या गांधीजींनी मायक्रोफोन जवळ केला. आणि १२ नोव्हेंबर ही तारीख आता आपल्याकडे लोकप्रसारण दिन म्हणून पाळली जाते.

खिशातली पहाट

सारोळ्यात त्या पहाटे किती घरांत आकाशवाणी लागली होती? आळीतून फेरी मारली तेव्हा आबांखेरीज आणखी एका घरातून तेच कीर्तन ऐकू आले, तेही मोबाइलवरून, मूळ प्रक्षेपणाच्या काही क्षण मागे. इंटरनेटवरून येणारा ध्वनी तुकड्यातुकड्यांनी साठवून मग ऐकविला जातो, त्यामुळे गोठ्यात नरकासुर पडला होता आणि त्या घरात सत्यभामा अजून बाण लावीत होती. इतरत्र दूरचित्रवाणी, दोन ठिकाणी ध्वनिवर्धकावर चित्रपटगीते, आणि बऱ्याच घरांत नुसतेच फटाके. नदीपलीकडच्या कारखान्यांत पाळी असलेले तरुण आंघोळ उरकून बसची वाट पाहत रस्त्यावर उभे होते, प्रत्येकाच्या कानात आपापले काहीतरी.

फराळाला बसल्यावर नातवाने आजोबांसाठी म्हणून मोबाइलवर पुण्यातील एका दिवाळी पहाटेची मैफल लावली. गायक नामवंत, ध्वनी निर्मळ. आबांनी चकलीचा तुकडा मोडीत ऐकले आणि विचारले, “हे आत्ता चाललंय का?”

“न्हाई आबा, मागल्या का त्याच्या मागल्या वर्षीचं. कवाबी लावता येतंय.”

“मग दुपारी ऐकतो की,” असे म्हणून त्यांनी सकाळच्या प्रादेशिक बातम्यांसाठी ट्रान्झिस्टर जवळ ओढला.

त्या बातम्या पुण्याहूनच येतात, आणि त्या तशा येत राहतील की नाही हा प्रश्न जून २०२३ मध्ये उभा राहिला होता. पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरकडे सोपविण्याचा आदेश निघाला, त्यावर श्रोते, पत्रकार, लोकप्रतिनिधी सर्वांनीच आवाज उठविला, आणि तो स्थगित झाला. माझ्या मते स्थगिती योग्य होती. परंतु आदेश काढणाऱ्याच्या बाजूनेही एक व्यावहारिक सवाल आहे, त्याला बगल देता येत नाही: ज्या पहाटेला कानांची संख्या मोजता येत नाही, तिच्यासाठी १०० किलोवॅट वीज आणि जागी माणसे किती काळ ठेवायची?

जागी माणसे हा मुद्दा मी निवेदिकाबाईंकडे काढला. दिवाळीच्या पहाटेची ड्यूटी ही, त्या म्हणाल्या, केंद्रातील वर्षातली सर्वांत अवघड वाटणी. ज्यांची मुले लहान ते रजेचा अर्ज आधीच टाकीत, नवविवाहितांना पहिल्या दिवाळसणाला मोडता घालवत नसे, आणि उरलेल्यांत चिठ्ठ्या पडत. बाईंनी स्वतः कित्येक वर्षे ती घेतली. रात्री अडीचला आंघोळ, तीनच्या सुमारास दाराशी कचेरीची गाडी, पर्समध्ये डब्यात दोन करंज्या. आता कीर्तन संगणकावर आधीच चढविलेले असते, निवेदनही मुद्रित करता येते, मग माणूस कशाला, असे मी विचारले, तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, “अहो, संगणक अडला तर सनई कोण लावणार?”